बाबांच्या पुस्तकात सासूचं प्लास्टर

पत्र:

ताई, मी लातूरची, एका कनिष्ठ महाविद्यालयात शिकवते. बी.एड.ला परभणीत आम्ही तिघी एका खोलीत राहायचो. आता एक सेलूला, एक उदगीरला आणि मी इथं. 2016 च्या उन्हाळ्यात, म्हणजे लातूरला पाण्याची रेल्वे आली त्या वर्षी, टँकरची वाट बघत रात्र-रात्र जागावं लागायचं. तेव्हा मी दोघींना फोन लावून काहीबाही वाचून दाखवायचे. त्यातूनच ठरलं की एक रविवार सोडून एक रविवार रात्री साडेनऊला बोलायचं, आणि प्रत्येकीनं वाचलेल्या एका पुस्तकाबद्दल सांगायचं. पुस्तकंही एकमेकींना पाठवतो. पण आता दहा मिनिटं पुस्तक आणि पन्नास मिनिटं घर! सेलूच्या सासूबाई पडल्या, उदगीरच्या मुलाला नीट परीक्षेच्या सरावात किती मार्क पडले, कोणी कशाला कशाची फोडणी दिली. मी व्हिडिओ बंद करून गप्प बसते.

भरीस भर म्हणजे माझ्या बाबांचं एक पुस्तक मी सेलूला वाचायला दिलं होतं. बाबा जाऊन चार वर्षं झाली. पहिल्या पानावर त्यांची सही आणि खाली 1978. सात महिन्यांनी पुस्तक परत आलं. पान 112 वर हळदीचा अख्खा अंगठा, आणि शेजारी समासात निळ्या पेनानं लिहिलेलं, "आज आत्याबाईंचं प्लास्टर निघालं." पुढं-मागं अशा आणखी चार-पाच नोंदी. माझ्या बाबांच्या पुस्तकात हिच्या सासूचं प्लास्टर! मी तिला अजून काही बोलले नाही, पण दोन रविवार फोन उचलला नाही. गंभीरपणे वाचणाऱ्यांचा वेगळा ग्रुप काढावा का? की या दोघींनाच काही नियम घालून द्यावेत?

– एक वाचक, लातूर

उत्तर:

लातूरच्या ताई,

आधी पेनाचं उरकू. दुसऱ्याच्या पुस्तकात पेन चालवायचं नसतं, वडिलांची सही असलेल्या पुस्तकात तर नाहीच नाही. सेलूच्या मैत्रिणीचं चुकलं. मी एकतीस वर्षं एका तालुक्याच्या गावी ग्रंथपाल होते. पुस्तकात रेघा ओढणाऱ्याला मी कधी सोडलं नाही. "वाचताना हातात पेन कशाला लागतं हो, परीक्षा आहे का?" हे वाक्य त्या गावातल्या निम्म्या लोकांनी माझ्या तोंडून ऐकलंय. तेव्हा रागाच्या बाबतीत मी तुमच्या बाजूची आहे.

पण तुम्ही तिला बोलला नाहीत, फोन उचलायचा बंद केलात. आता सेलूत बसून तिनं काय समजायचं? पुस्तक पोचलं ना, एवढंच तिला माहीत. सात महिने पुस्तक ठेवल्याचा राग असेल असं वाटेल, नाहीतर तुमच्या घरी काही झालंय असं वाटेल. पेन तिच्या डोक्यातही येणार नाही. तुमचा अबोला चालू आहे खरा, पण तो कशाबद्दल आहे ते तुमच्याशिवाय कोणालाच ठाऊक नाही.

डागाबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण माझ्याच्यानं राहवत नाही. घासू नका. लिंबू, सोडा, ओला बोळा, यातलं काहीही लावू नका. जुना कागद भिजला की फुगतो आणि वाळला की सुरकुततो. हळदीचा रंग उजेडानं उतरतो हे खरं, साडीवरचा डाग उन्हात टाकला की फिका पडतो तसा. पण पुस्तक आपल्याकडच्या उन्हात ठेवलंत तर कागद पिवळा पडून पापडासारखा मोडायला लागेल. तेलाचा हात लागलेला असेल तर पानाच्या दोन्ही बाजूंना टीपकागद घालून वर वजन ठेवून बघा, थोडंफार निघेल. जुनं मुरलेलं असेल तर तेवढंही नाही. शाईला तर हातच लावू नका. थोडक्यात, पान 112 आता तसंच राहणार आहे, तेव्हा त्याच्याशी जमवून घ्यायला लागेल.

आणि ते जमावं म्हणून मी तुम्हाला आमच्या देवघेवीच्या टेबलाजवळ नेते. 1967 च्या ग्रंथालय कायद्याखाली वर्ग मिळालेलं आमचं वाचनालय, तालुका 'ब'. पंखा एक, खुर्च्या बारा. परत आलेलं पुस्तक हातात पडलं की तारीख-चिठ्ठी बघायच्या आधी मी ते उलटं धरून झटकायची. काय काय पडायचं! एसटीची तिकिटं तर रोजचीच. रेशनची पावती, केसाची पिन, अंगाऱ्याची पुडी, वीजबिल, पोराच्या लशीचं कार्ड. ओवाळणीत आलेली दहाची नोट. एकदा कढीपत्त्याची वाळकी काडी. वाचनखूण म्हणून खास काही घेऊन कोणी वाचायला बसत नाही, उठायची वेळ आली की हाताशी असेल ते पानात घालतात. कोणाच्या हाताशी काय होतं यावरून तो माणूस कुठं बसून वाचत होता हे मला बसल्या जागी कळायचं.

तरीही एकदा मला ते वेळेवर कळलं नाही. एक बाई साडेतीन महिने उशिरा पुस्तक घेऊन आली. तेव्हा दंड रोजचा पंचवीस पैसे. सव्वासव्वीस रुपये झाले. तिनं तीस दिले, मी सुटे मागितले, वर दोन शब्दही सुनावले की चार जण या पुस्तकासाठी थांबलेत. ती काही बोलली नाही. पिशवीतून सुटे काढून मोजले, पावती घेतली आणि गेली. मग मी पुस्तक झटकलं. आतून दवाखान्याचा केसपेपर पडला. मागच्या कोऱ्या बाजूला बारीक अक्षरात वेळा लिहिलेल्या, सलाईनची बाटली किती वाजता लावली, किती वाजता संपेल. आणि प्रत्येक वेळेपुढं प्रकरणाचा आकडा. रात्री दोन, प्रकरण नऊ. पहाटे पावणेपाच, प्रकरण दहा. बाटली संपायच्या आत डोळा लागू नये म्हणून ती वाचत बसली होती. पावती फाडून झाली होती, पैसे गल्ल्यात गेले होते. ती बाई नंतरही यायची, पुस्तकं न्यायची. कोण आजारी होतं, पुढं काय झालं, हे मी कधी विचारलं नाही आणि तिनंही सांगितलं नाही.

म्हणून तुमचं पान 112 मला तुमच्यापेक्षा वेगळं दिसतं. प्लास्टर साधारण सहा आठवडे असतं. म्हणजे अंथरुणावरच्या माणसाचं सगळं बघून, उठवून-बसवून, तुमची मैत्रीण दिवसाला दोन-अडीच पानं वाचत 112 वर आली असणार. हळदीचा अंगठा म्हणजे एका हातात कालथा आणि दुसऱ्या हातात तुमच्या बाबांचं पुस्तक. तुमच्या पत्रात असा सूर आहे की ती आता वाचत नाही, नुसतं घरचं बोलते. ताई, ती वाचतेय, आणि बरीच चिवटपणे. पुस्तकाचं नाव तुम्ही मला कळवलंय, मी ते इथं मुद्दाम देत नाही, सेलूवाली लगेच ओळखेल. पण मी ते वाचलेलं आहे. सोपं नाही. निवांत बसून वाचायलासुद्धा सोपं नाही.

बाकीच्या चार-पाच नोंदी कोणत्या पानांवर आहेत ते तुम्ही लिहिलं नाही. एकदा ओळीनं लावून बघा. रागात त्या वाचल्या असतील का नीट, मला शंका आहे.

आता जरा नाजूक बोलते. अंदाज चुकला असेल तर हा भाग सोडून द्या. तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. त्यात सेलूच्या सासूबाई आहेत, उदगीरचा मुलगा आहे, त्याचे मार्क आहेत, फोडण्या आहेत. तुमच्या घरातलं कोण आहे? बाबा आहेत, आणि ते आता नाहीत. बाकी एक माणूस नाही. रात्री साडेनऊला तुमच्या शेजारच्या खोलीत कोण असतं, तुमचं जेवण झालेलं असतं की व्हायचं असतं, यातलं एक अक्षर नाही. मला सांगू नका, पेपरात छापायची ती गोष्ट नाही. पण त्या दोघींना तरी माहीत आहे का? दोघी बोलतात आणि तिसरी व्हिडिओ बंद करून बसते, तेव्हा तिला कंटाळा आलाय की तिलाही बोलायचंय पण सुरुवात सापडत नाही, हे पलीकडून कळायला काही मार्ग नसतो. कधी कधी ते तिचं तिलाही कळत नाही.

त्या पुस्तकाचंच बघा. ते सेलूला देताना तुम्ही काय सांगून दिलं? बाबांनी ते 1978 साली कुठून आणलं, पगार किती होता तेव्हा, घरात यावरून आई काही बोलली होती का, तुम्ही पहिल्यांदा कधी हातात घेतलं? की नुसतं "वाच, छान आहे" म्हणून पिशवीत घालून दिलं? सही कोणाची आहे हे तिला ठाऊक असेल, पण त्या सहीचं तुम्हाला काय वाटतं हे ठाऊक असतं तर तिच्या हातून पेन चाललं नसतं. पुस्तकाच्या मागचं घर तुम्ही तिला दाखवलं नाहीत. तिनं तुम्हाला तिचं दाखवलं, जरा चुकीच्या जागी दाखवलं.

आणि एक गंमत सांगू? तुमच्या वाचनाच्या गटाचं वर्ष तुम्ही मला कसं सांगितलंत? "पाण्याची रेल्वे आली त्या वर्षी." त्या वर्षी कोणतं पुस्तक वाचत होतात ते नाही सांगितलंत. एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून ती गाडी आली, पहिल्या खेपेला दहा टाक्या, पाच लाख लिटरच्या आसपास पाणी. सगळा महाराष्ट्र बघत होता. आणि तुम्ही घागरी मांडून, रात्री टँकरच्या भोंग्याकडं कान लावून, फोनवर मैत्रिणींना वाचून दाखवत होतात. तुमचं वाचन सुरूच झालं ते पाणी भरता भरता. मध्येच टँकर आला की फोन ठेवून पळत असाल ना? तेव्हा त्या दोघी म्हणाल्या का, "ही नेहमी पाण्याचंच बोलते"?

आपल्या भागात तरी पुस्तक आणि घर ही दोन वेगळी दालनं कधी नव्हती. गंगाखेडच्या जनाबाईच्या अभंगांतून जातं, झाडलोट आणि धुणं काढून टाका, काय उरतं बघा. अंबाजोगाईला दासोपंतांची पासोडी आहे. पासोडी म्हणजे अंगावर घ्यायचं जाडंभरडं कापड, त्या लांबलचक कापडावर त्यांनी पंचीकरण हा वेदान्तावरचा ग्रंथ लिहून काढला. घरात पांघरायची वस्तू आणि तिच्यावर ग्रंथ! तुमच्या नियमांच्या वहीत ते कुठं बसलं असतं? माझ्या लहानपणी श्रावणात ओसरीवर पोथी लागायची. वाचणारे एक, ऐकणाऱ्या पंधरा, आणि पंधराजणींच्या मांडीवर सूप, नाहीतर वातींचा कापूस. अध्याय संपला की आरतीच्या आधी पाच मिनिटं, "कामून आली नाही गं ती आज?" "पोरीला बघायला येऊ लालेत म्हणं." त्या पाच मिनिटांसाठी निम्म्या बायका यायच्या. पण यायच्या, आणि महिन्याभरात पोथी पुरी कानावरून जायची.

तरी तुमची तक्रार अगदीच खोटी आहे असं नाही म्हणत मी. पन्नास मिनिटं फोडण्या म्हणजे जास्तच झालं. आणि पुस्तकावर कडाडून वाद घालायची भूक काही जणांना असते, तुम्हाला ती दिसते. ती भूक या दोघी भागवतील असा हट्ट नको. लातूरसारख्या शहरात ती भागवायच्या जागा आहेत. वाचनालयात जाऊन बसा, कॉलेजातल्या सहकाऱ्यांत दोघं-तिघं निघतील, महिन्यातून एकदा त्यांच्याशी खुशाल डोकं फोडा. फक्त त्याला या दोघींची बदली समजू नका. वीस-पंचवीस वर्षांपूर्वी एका खोलीत राहिलेल्या मैत्रिणी नव्या ग्रुपमध्ये मिळत नाहीत.

नियमांचं म्हणाल तर मैत्रिणींना नियमावली पाठवणारी बाई मी कधी टिकलेली पाहिली नाही. त्यापेक्षा बोलण्याची सुरुवात बदला. "पुस्तक कसं वाटलं?" असं विचारलं की "छान आहे, आवडलं" एवढंच येतं आणि गाडी लगेच घराकडं वळते. त्याऐवजी विचारा, "कुठं बसून वाचलंस? कोणत्या पानावर उठावं लागलं?" ती म्हणेल, बाई, दळणाच्या रांगेत वाचायली होते, नंबर आला तेव्हा नायिका नवऱ्याचं घर सोडून निघाली होती. झालं की! घरही आलं आणि पुस्तकही, आणि आता नायिकेनं घर सोडायला पाहिजे होतं की नाही यावर अर्धा तास तुम्हाला कोणी अडवत नाही. दुसरं, 2016 सारखं एक पान मोठ्यानं वाचून दाखवा. ते तुम्ही का बंद केलंत कोण जाणे. त्या दोघींपैकी एकीनंही ते बंद करा म्हटलं असेल असं मला वाटत नाही.

समासात लिहायची जिला सवय लागलीय तिला लिहायला जागा द्या. शंभर पानी एक वही घ्या, खाकी कव्हर घाला, आणि पुस्तकाबरोबर तीही फिरू द्या. प्रत्येकीनं पान नंबर टाकायचा आणि त्या पानाशी असताना घरात काय चाललं होतं ते लिहायचं. प्लास्टर, मार्क, नळाला पाणी आठव्या दिवशी आलं, काहीही. पुस्तकाला पेन लागणार नाही. पेन्सिलही नको, पेन्सिलीचं पेन व्हायला वेळ लागत नाही. पुस्तकं टपालानं पाठवत असाल तर 1 मे 2025 पासून टपाल खात्याची 'ज्ञान पोस्ट' सेवा आहे. तीनशे ग्रॅमपर्यंत वीस रुपये, पाच किलोपर्यंत शंभर, वर कर. पाकिटाचा माग काढता येतो. ती पुस्तकांपुरती आहे. वही मात्र कोणाच्या तरी हाती द्या. तिच्यात तुमच्या तीन घरांचं लिहिलेलं असणार, ती टपालात हरवली तर दुसरी प्रत मिळत नाही.

वहीचं पहिलं पान तुम्ही लिहायचं. बाबांचं, 1978 चं. आणि दुसरं पानही तुम्हीच, तुमच्या आजच्या घराचं.

आणि फोन, व्हिडिओ, ग्रुप सगळं बाजूला ठेवून एकदा भेटा की बाई! मार्गशीर्षातल्या अमावस्येला येळवस, म्हणजे शेतात साजरी होणारी वेळ अमावस्या, आहेच. लातूर-उदगीरकडं त्या दिवशी गावात माणूस सापडत नाही, सगळे शेतात. कोणाचं शेत असो-नसो, बोलावणं कुठून ना कुठून येतंच. भज्जी, अंबील, बाजरीचे उंडे, कडब्याच्या कोपीसमोर, म्हणजे छोट्या खोपटासमोर, पूजा, आणि जेवण झालं की दुपारभर ज्वारीच्या कडेला सावलीत पडायचं. तिथं बाबांचं ते पुस्तक घेऊन जा. हो, तेच. उदगीरवालीनं अजून वाचलेलं नाही ना? सेलूवालीला परभणी-परळी करत यायला अख्खा दिवस जाईल, तिला आदल्या दिवशीच मुक्कामाला बोलवा. मार्च 2023 पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे, खर्चाचं कारण तिला सांगता येणार नाही. घर सोडून यायला जमेल का, ते मात्र आत्याबाईंच्या पायावर आहे.

तेव्हा आज-उद्याच सेलूला फोन लावा. ग्रुपवर नको, नुसता तिला. रविवारची वाट बघू नका आणि साडेनऊचीही नको. दुपारी चारच्या सुमाराला लावा, घरची आवराआवर होऊन चहा व्हायचा असतो तेव्हा. प्लास्टर निघालं हे तुम्हाला त्या पानावरून कळलंच आहे. पुढं त्या चालायला लागल्या का, ते विचारा. पेनाचं त्यानंतर बोला.